काउपो, काउफेन, चीप : एका शब्दपत्रिकेच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

जर्मन, डच आणि स्वीडिश शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी भिंतीवर लावायच्या शब्दपत्रिकांचे काम आजपासून हाती घेतले आहे. एका पत्रिकेवर एकच शब्द, त्याचे मूळ आणि त्या मुळापासून वेगवेगळ्या भाषांत फुटलेल्या फांद्या, एवढीच कल्पना आहे. पहिल्या पत्रिकेसाठी 'श्ट्रासे–स्ट्रीट' की 'काउफेन–चीप' असा प्रश्न होता. 'श्ट्रासे'चे मूळ लॅटिन 'व्हिया स्ट्राटा', म्हणजे फरसबंद वाट. पण बहुतेक भाषांत त्याचा अर्थ रस्त्याच्या पलीकडे फारसा सरकत नाही, त्यामुळे पत्रिका ध्वनिबदलांच्या कोष्टकापुरती उरते. 'काउफेन'चे तसे नाही. जर्मनमध्ये त्याचा अर्थ विकत घेणे, इंग्रजीत त्याचाच भाऊ 'चीप' म्हणजे स्वस्त, आइसलँडिकमध्ये 'क्योइप' म्हणजे खरेदी आणि मजुरीही, स्वीडनमध्ये 'श्योपिंग' हा गावांच्या नावांचा शेपटा, आणि जुन्या इंग्रजीत याच शब्दाने गुरेढोरेही ओळखली जात. हे सगळे एका लॅटिन नामापासून निघाले, असे बहुतेक कोश मानतात. पहिली पत्रिका याच शब्दाची करायचे ठरले.

५ जून

लॅटिन बाजू आधी पक्की करणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे राहणार. 'काउपो' म्हणजे किरकोळ विक्री करणारा, विशेषतः दारू आणि जेवण विकणारा, मुक्कामाला खोली देणारा. त्याच्या जागेला 'काउपोना' म्हणत. मोठ्या घाऊक व्यापाऱ्याला लॅटिनमध्ये 'नेगोशिआतोर' किंवा 'मेर्कातोर' असे भारदस्त शब्द होते आणि काउपोची गणना त्यांच्यात होत नसे. त्याची प्रतिष्ठाही यथातथाच होती. रोमन कवी होरेसने त्याला लबाड म्हटले आहे, तर दुसरा कवी मार्शल याने रावेन्नाच्या एका काउपोवर दोन ओळी खर्च करून तक्रार केली आहे की पाणी मिसळलेली दारू मागितली असता त्याने निव्वळ दारू देऊन फसवले. विनोद असा की रावेन्नात गोड्या पाण्याचीच टंचाई होती. या ओळींत मार्शल शब्द 'कोपो' असा लिहितो, म्हणजे बोलण्यात 'आउ'चा 'ओ' झालेला होता. ही गोष्ट ध्वनींच्या नोंदीत लागेल.

रोमन कायद्यातही हा माणूस भेटतो. सम्राट युस्तिनियनच्या आज्ञेने सहाव्या शतकात संकलित झालेल्या 'डायजेस्ट'मध्ये जहाजवाले, काउपो आणि तबेलेवाले यांना एकाच शीर्षकाखाली आणले असून, गिऱ्हाइकाने त्यांच्या ताब्यात दिलेल्या सामानाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली आहे. असा नियम वेगळा करावा लागला यातच या धंद्याची ख्याती दिसते.

पत्रिकेसाठी एक दृश्य हवे होते, तेही मिळाले. दक्षिण इटलीत इसेर्निया येथे सापडलेला आणि सध्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेला एक कोरीव दगड आहे. त्यावर खेचराचा लगाम धरलेला प्रवासी निघण्यापूर्वी हिशेब करतो आहे आणि सोबत दोघांचे संभाषण कोरलेले आहे. 'काउपो, हिशेब करू या' या वाक्याने सुरुवात होते, आणि इथेही शब्द 'कोपो' असाच कोरला आहे. मग एक माप दारू, एक आसची भाकरी, दोन आसचे कालवण, ज्या मुलीची सोबत घेतली तिचे आठ आस, आणि शेवटी खेचराच्या गवताचे दोन आस. बाकी सगळे प्रवाशाला मान्य आहे. गवताच्या रकमेवर मात्र तो करवादतो की हे खेचर मला बुडवणार. आस हे तांब्याचे लहान नाणे. काउपोचे सारे जग या हिशेबात मावले आहे, म्हणून पत्रिकेच्या माथ्यावर याच दगडाचे रेखाटन घ्यावे असे ठरवले. मुलीची ओळ शाळेच्या भिंतीवर ठेवायची की नाही, हे सहकारी बाईंवर सोपवले आहे.

८ जून

लॅटिन शब्द जर्मानिक भाषांत, म्हणजे जर्मन, डच, इंग्रजी, स्वीडिश इत्यादींच्या घराण्यात, पुस्तकांतून आलेला नाही, त्या वेळी तसा मार्गच नव्हता. ऱ्हाईन नदीच्या काठाने माइन्झ, क्सान्टेन, नाइमेखेन अशा ठिकाणी रोमन सैन्याच्या छावण्या होत्या आणि छावणीच्या वेशीबाहेर दुकानदारांच्या झोपड्या उभ्या राहत. सैनिकांना पगार नाण्यांत मिळे आणि तो खर्च करायला लावणारी माणसे तिथे हजर असत. नदीपलीकडच्या जमातींना रोम म्हणून जो दिसला तो बहुतेक करून याच दुकानदाराच्या रूपाने.

यासाठी दोन लिखित आधार उपयोगी पडतात. रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन ९८ मध्ये लिहिलेल्या 'गेर्मानिया'त म्हटले आहे की सर्वसाधारण जर्मान लोक धान्याची आंबवलेली दारू पितात, पण नदीच्या काठाजवळ राहणारे द्राक्षाची दारू विकतही घेतात. त्याच्याही दीडशे वर्षे आधी सीझर सांगतो की सुएबी जमात द्राक्षाची दारू आपल्याकडे येऊच देत नाही, आणि व्यापाऱ्यांना प्रवेश देते तो प्रामुख्याने लुटीचा माल विकता यावा म्हणून. दोन्ही विधाने शेजारी ठेवली की शब्द कोणत्या बाजूने शिरला असेल हे वेगळे सांगावे लागत नाही. टॅसिटसच्याच दुसऱ्या ग्रंथात, मार्कोमान्नी या जर्मान जमातीचा राजा मारोबोडुअस याची राजधानी त्याच्या विरोधकांनी घेतली तेव्हा तिथे रोमन प्रांतांतले छावणी-दुकानदार आणि व्यापारी वस्ती करून राहिलेले आढळले, असा उल्लेख आहे. म्हणजे काउपोच्या जातीचा माणूस सीमेच्या बराच आत पोहोचला होता.

या नोंदीतून एक गोष्ट निश्चित होते आणि पुढची सगळी मांडणी तिच्यावर बेतायची आहे. जर्मानिक भाषांनी 'विकत घेणे' ही क्रिया उसनी घेतली नाही; ती त्यांच्याकडे होतीच, इंग्रजी 'बाय' आणि गॉथिक या लोपलेल्या जर्मानिक भाषेतला 'बुग्यान' हे देशीच शब्द आहेत. त्यांनी आधी एक माणूस उसना घेतला. जुन्या उच्च जर्मनमध्ये, म्हणजे दक्षिणेकडच्या उंच भागातल्या जुन्या जर्मनमध्ये, 'कोउफो' हा शब्द व्यापारी या अर्थाने मिळतो आणि तो 'काउपो'चा जवळजवळ जसाच्या तसा उतरलेला अवतार आहे. त्या माणसाशी जे केले जाते ते क्रियापद झाले, आणि पुढे प्रत्येक भाषेने त्या व्यवहारातला वेगळा भाग आपल्यापाशी ठेवला: कुणी माणूस, कुणी जागा, कुणी भाव, कुणी माल, कुणी मोबदला. लॅटिनमध्येही या नामावरून 'काउपोनारी', म्हणजे किरकोळ धंदा करणे, असे क्रियापद होते. जर्मानिक क्रियापद थेट त्यावरून आले की नामावरून घरीच घडले, याबद्दल कोशकारांत एकमत नाही. पत्रिकेवर दोन्ही बाण तुटक रेषेने दाखवता येतील.

११ जून

जर्मानिक भाषांतली सर्वांत जुनी मोठी संहिता म्हणजे बिशप वुल्फिला याने चौथ्या शतकात केलेले बायबलचे गॉथिक भाषांतर. त्याची सर्वांत प्रसिद्ध प्रत, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईने लिहिलेली, स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या एकोणिसाव्या अध्यायात एक सरदार परदेशी जाताना दहा चाकरांना पैसे वाटून देतो आणि सांगतो की मी येईपर्यंत यांवर व्यापार करा. त्या आज्ञेसाठी वुल्फिलाने 'काउपोथ' हे रूप वापरले आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'धंदा करा' असा आहे, 'विकत घ्या' असा नाही, आणि साध्या खरेदीसाठी वुल्फिला 'बुग्यान' हाच शब्द योजतो. चौथ्या शतकात, डॅन्यूबच्या बाजूला, या शब्दाचा अर्थ अजून दोन्ही हातांनी चालणारा व्यवहार असाच होता, याचा हा पुरावा. जर्मनमध्ये तो पुढे फक्त घेणाऱ्याच्या हाताशी आला आणि देणाऱ्यासाठी 'फेर' हा उपसर्ग लावून 'फेरकाउफेन' करावे लागले. डचांनी तसेच 'फेरकोपन' केले. स्वीडिश आणि डॅनिशने मात्र विकण्यासाठी आपला जुना 'सेल्या', 'सेले' कायम ठेवला.

गॉथिकमध्ये 'काउपात्यान' असेही एक क्रियापद आहे, ज्याचा अर्थ थपडा मारणे. दिसायला सख्खे, पण त्याचा या घराण्याशी संबंध सिद्ध झालेला नाही, म्हणून ते पत्रिकेवर घेतलेले नाही. काही बाजारांत दोन्ही क्रिया एकदमच चालतात हे खरे असले तरी तो व्युत्पत्तीचा पुरावा होत नाही.

१४ जून

ध्वनींचे काम आज जवळजवळ पुरे झाले. नियम थोडे आहेत आणि पत्रिकेवर तीनच द्यायचे आहेत.

पहिला 'आउ' या स्वराचा. इसेर्नियाच्या दगडावर आणि मार्शलच्या ओळींत 'कोपो' असला तरी जर्मानिक भाषांनी 'आउ' असलेले रूप घेतले आहे, कारण गॉथिक 'काउपोन' आणि प्राचीन नॉर्स (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) 'काउपा' यांत तो स्वर शाबूत दिसतो. पुढे प्रत्येक भाषेने आपल्या जुन्या 'आउ'चे जे केले तेच याचेही केले, म्हणजे शब्द इतका लवकर आला होता की घरच्या शब्दांबरोबरच त्याचे वय वाढले. जुन्या इंग्रजीत 'एआ' होऊन 'चेआप', डचमध्ये लांब 'ओ' होऊन 'कोपन', फ्रिजियनमध्ये 'कियाप्ये', जर्मनमध्ये 'ओउ'वरून परत 'आउ' होऊन 'काउफेन', यिडिशमध्ये 'कोयफ्न'.

दुसरा 'प'चा. उच्च जर्मनमध्ये स्वरानंतरचा 'प' घासून 'फ' झाला. हा बदल साधारण सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात आणि 'काउफेन'मधला 'फ' त्याच वेळचा आहे. उत्तरेकडच्या सखल जर्मनमध्ये आणि डचमध्ये तो 'प'च राहिला.

तिसरा 'क'चा, आणि तो मराठी विद्यार्थ्याला सर्वांत गोंधळात टाकणारा. इंग्रजीत पुढच्या स्वरापूर्वीचा 'क' तालव्य होऊन 'च' झाला, म्हणून 'चीप'; हा 'चार'मधला 'च' आहे, 'चमचा'मधला नाही. स्वीडिशमध्ये तोच बदल स्वतंत्रपणे आणि बऱ्याच उशिरा झाला आणि आवाज आपल्या 'श'च्या जवळ जाऊन थांबला, म्हणून लिहितात 'क' पण म्हणतात 'श्योपा'. नॉर्वेजियनमध्येही तसेच. डॅनिशमध्ये मात्र 'क' राहिला आणि मधला 'प' लेखनात 'ब' झाला, म्हणून 'क्योबे'.

या भाषांतला गोल ओठांचा पुढचा स्वर देवनागरीत कसा दाखवायचा, हा प्रश्न सहकारी बाईंशी बराच वेळ चर्चेत राहिला. त्यांचे मत असे की 'ओ'वर नवे चिन्ह द्यावे. पण नवे चिन्ह दिले की त्याची सूची द्यावी लागते, आणि सूची भिंतीवर कुणी वाचत नाही. 'ग्योटिंगेन', 'क्योल्न' अशी रूपे मराठी वाचकाच्या ओळखीची आहेत, म्हणून 'क्यो' आणि 'श्यो' हीच पद्धत स्वीकारली. उच्चार त्याने अचूक होत नाही, परंतु वर्गात शिक्षक असतो.

१८ जून

कोष्टकाचा आराखडा बदलला. आधी प्रत्येक भाषेसमोर 'अर्थ' असा एकच रकाना होता. त्याऐवजी आता पाच रकाने केले आहेत: माणूस, व्यवहार, जागा, माल आणि मोल. यामुळे इंग्रजीची ओळ जवळजवळ पूर्ण भरते, जर्मनची दोनच ठिकाणी भरते, आणि रिकाम्या जागाही बोलक्या होतात.

२० जून

इंग्रजीची ओळ सर्वांत श्रीमंत निघाली, पण तिच्यातले बरेचसे धन जुने आहे.

माल: जुन्या इंग्रजीतला 'चेआप' सौदा, किंमत आणि माल यांबरोबरच गुरे या अर्थानेही येतो. ज्या समाजात चालतीबोलती संपत्ती म्हणजे जनावरे, तिथे हे घडणे स्वाभाविक होते. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात ८९० च्या दशकातल्या नोंदीत म्हटले आहे की डेनांच्या सैन्याने इंग्रजांचा जितका नाश केला त्याहून अधिक हानी त्या तीन वर्षांत 'चेआप'च्या आणि माणसांच्या मरीने झाली. इथे 'चेआप' म्हणजे गाईगुरे, दुसरा अर्थ लागतच नाही. जुन्या इंग्रजीतल्या एका सुभाषितात राजाने 'चेआप' देऊन, पेल्यांनी आणि कड्यांनी, राणी मिळवावी असे आहे. तिथे गंमत अशी की घेण्याचे क्रियापद देशी 'बाय'चे आहे आणि द्यायच्या धनाचा शब्द काउपोचा.

मोल: आजचा 'चीप' हे विशेषण मुळात विशेषण नव्हतेच. 'चीप' म्हणजे सौदा, 'गुड चीप' म्हणजे चांगला सौदा, अर्थात घेणाऱ्यासाठी चांगला. सोळाव्या शतकापर्यंत 'गुड' गळून पडला आणि एकटा 'चीप' स्वस्त या अर्थाने उभा राहिला. डचमध्ये ती जोडी अजून सुटलेली नाही: 'खूतकोप', म्हणजे चांगला सौदा, हाच स्वस्त याचा रोजचा शब्द आहे, आणि त्याचे उलट रूप त्यांच्या एका म्हणीत टिकून आहे, 'खूतकोप इज द्यूरकोप', स्वस्तातला सौदा हाच महागातला सौदा. इंग्रजीत पुढे याच विशेषणाला तुच्छतेचा वास लागला.

इथे मराठीशी एक खरी समांतरता आहे आणि ती पत्रिकेच्या मराठी टिपणात घेतली आहे. संस्कृत 'अर्घ' म्हणजे मोल. 'महार्घ'चे 'महाग' झाले आणि 'समर्घ'चे 'सवंग'. जुन्या मराठीत सवंग म्हणजे निव्वळ स्वस्त. आज कुणी सवंग धान्य आणत नाही. सवंग असते ती लोकप्रियता, विनोद किंवा टीका. मोलाच्या शब्दाला चांगल्या सौद्याचे रूप मिळणे आणि नंतर त्याच शब्दाची पत उतरणे, हे दोन्ही टप्पे दोन्हीकडे एकाच क्रमाने आले आहेत. दोन्ही भाषांचा याबाबत एकमेकींशी काहीही संबंध नाही, हे टिपणात स्पष्ट लिहायचे आहे, नाहीतर विद्यार्थी 'चीप' आणि 'सवंग' यांना नातेवाईक समजतील.

माणूस: 'चॅपमन', म्हणजे फिरता विक्रेता. आता तो आडनावात उरला आहे. त्याचेच तोकडे रूप 'चॅप' आधी गिऱ्हाईक आणि मग 'गडी, माणूस' या अर्थाने रूढ झाले. असे फेरीवाले जी स्वस्त छापील चोपडी विकत त्यांना 'चॅपबुक' हे नाव मिळाले. 'चॉप अँड चेंज' यातला 'चॉप'सुद्धा तोडण्याचा नसून अदलाबदलीचा आहे आणि तो याच घरातला आहे.

जागा: लंडनमधला 'चीपसाइड' हा रस्ता. बाहेरच्या माणसाला नाव ऐकून वाटते की तिथे माल स्वस्त मिळत असावा. मध्ययुगात तो शहराचा मुख्य बाजार होता आणि नावाचा अर्थ तेवढाच आहे. त्याला पूर्वी 'वेस्टचीप' म्हणत, कारण पूर्वेला दुसरा बाजार 'ईस्टचीप' होता आणि ते नाव अजून आहे. चीपसाइडला मिळणाऱ्या गल्ल्यांची नावेच बाजाराचा आराखडा सांगतात: ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, हनी लेन, आणि रस्त्याच्या पुढच्या टप्प्याचे नाव पोल्ट्री. त्याच भागात आयर्नमंगर लेन आहे. 'मंगर' हाही लॅटिनमधून आलेला धंदेवाला: मूळ 'मांगो', म्हणजे माल सजवून विकणारा, विशेषतः गुलामांचा व्यापारी. लोखंडवाल्यांची ती गल्ली चीपसाइडच्या बाजारालाच येऊन मिळते, आणि पाट्या लावणाऱ्या पालिकेला कल्पना नसेल, पण त्या नाक्यावर दोन रोमन दुकानदार समोरासमोर बसले आहेत. नकाशाचा एवढा तुकडा पत्रिकेवर स्वतंत्र चौकटीत घ्यायचा आहे.

याखेरीज 'चिपिंग नॉर्टन', 'चिपिंग कॅम्डन' यांतला 'चिपिंग' म्हणजे बाजार, आणि वेल्समधला 'चेपस्टो' म्हणजे बाजाराची जागा.

२१ जून

कालच्या नोंदीला पुरवणी. इंग्लंडच्या उत्तरेत व्हायकिंगांनी हाच शब्द नॉर्सच्या रूपात पुन्हा आणला, आणि तिथे 'क'चा 'च' झाला नाही. यॉर्कजवळचे 'कॉपमनथॉर्प' म्हणजे व्यापाऱ्यांची वाडी, कम्ब्रियातला 'कोपलँड' म्हणजे विकत घेतलेली जमीन, आणि स्कॉट्समध्ये घोड्यांच्या व्यापाऱ्याला 'हॉर्स-कूपर' म्हणतात. चॅपमन आणि कॉपमन हे एकाच बापाचे, पण दोन वेगवेगळ्या समुद्रमार्गांनी आलेले. त्यांना कोष्टकात एकाच रकान्यात वरखाली ठेवले आहे.

२५ जून

उत्तरेकडच्या भाषांची 'जागा' या रकान्यातली चौकट आज भरली आणि ती उतू गेली.

नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर लार्विकजवळ 'काउपांग' नावाचे शेत आहे. नावाचा अर्थ बाजारपेठ. उत्खननात तिथे साधारण इसवी सन ८०० च्या सुमारास वसलेली आणि दहाव्या शतकात ओसाड पडलेली व्यापारी वस्ती सापडली. नवव्या शतकात ओहथेरे नावाच्या दर्यावर्दीने इंग्लंडच्या राजा आल्फ्रेडला आपल्या प्रवासाची हकीकत सांगताना ज्या 'शिरिंगेस हेआल' बंदराचा उल्लेख केला, ते हेच असे मानले जाते. वस्ती गेली, शेती सुरू झाली, तरी शेताच्या नावात बाजार राहिला. उत्खननाला सुरुवात करणाऱ्यांना नावानेही दिशा दाखवली.

स्वीडनमध्ये लिन्श्योपिंग, नोर्श्योपिंग, योन्श्योपिंग, न्यूश्योपिंग अशी शहरे आहेत आणि नुसते 'श्योपिंग' नावाचेही एक आहे. १९७१ च्या स्थानिक प्रशासन सुधारणेपर्यंत 'श्योपिंग' हा शब्द गाव आणि शहर यांच्या मधल्या दर्जासाठी सरकारी संज्ञा म्हणूनही वापरात होता, आपल्याकडे ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांच्या मध्ये नगरपंचायत असते तसा.

डेन्मार्कच्या राजधानीचे नाव आधी नुसते 'हाउन', म्हणजे बंदर, असे होते. व्यापाऱ्यांचे बंदर म्हणून पुढे 'क्योबमन्' जोडले गेले आणि झिजून 'क्योबनहाउन' उरले. बाराव्या-तेराव्या शतकांच्या संधीवर लिहिणाऱ्या डॅनिश इतिहासकार साक्सोने त्याचे लॅटिन भाषांतरच 'व्यापाऱ्यांचे बंदर' असे दिले आहे. आपण जे 'कोपनहेगन' म्हणतो ते सखल जर्मन बोलणाऱ्या व्यापाऱ्यांचे रूप इंग्रजीमार्गे आपल्यापर्यंत आले आहे. आइसलँडिक लोक मात्र अजून पुरे 'क्योइपमान्नाह्योप्न' म्हणतात.

याच शहरातला 'क्योबमायरगाडे' हा गजबजलेला रस्ता या यादीत घ्यावा असा मोह होतो. तो घेऊ नये. त्याचे जुने नाव मांस विकणाऱ्यांवरून होते, म्हणजे मूळ शब्द 'मांस' आणि 'मांगो' यांचा जोड. खाटीक तिथून गेले, शब्द अनोळखी झाला आणि लोकांनी त्याला ओळखीच्या 'क्योब'चा पोशाख चढवला. चीपसाइडच्या नाक्यावरचा दुसरा दुकानदार इथे पहिल्याच्या अंगरख्यात वावरतो आहे. तळटीप म्हणून एक ओळ द्यायला हरकत नाही.

२७ जून

आइसलँडिक. 'क्योइपा' म्हणजे विकत घेणे, हे अपेक्षितच. पण 'क्योइप' या नामाचा अर्थ खरेदी आणि त्याचबरोबर पगार, मजुरी असाही आहे. पूर्वी उन्हाळ्यात गवत कापायला दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाणाऱ्या माणसाला 'क्योइपामादुर' आणि बाईला 'क्योइपाकोना' म्हणत. इथे विकत घेतली जाणारी वस्तू म्हणजे श्रम, आणि शब्द तिच्या मोबदल्यावर जाऊन बसला. बाकी जर्मानिक भाषांत मजुरीचा शब्द या मुळावरून आलेला नाही, त्यामुळे 'मोल' या रकान्यात ही चौकट जाड रेषेने दाखवली आहे. मराठीतला 'मोलमजुरी' हा जोडशब्द विद्यार्थ्याला हा अर्थ लगेच जवळचा करून देईल.

लग्नाला आइसलँडिकमध्ये 'ब्रूद्क्योइप' म्हणतात, शब्दशः वधूचा सौदा. डॅनिश आणि नॉर्वेजियन 'ब्रूलुप' दिसायला त्याच्यासारखा वाटला तरी त्यातला दुसरा भाग वधूच्या 'धावण्या'चा, म्हणजे वरातीचा आहे. 'क्योइप'मध्ये केवळ विक्री नसून दोन पक्षांचा करार हा व्यापक अर्थ होता, हे टिपणात सांगणे आवश्यक आहे. विवाहापूर्वीच्या मालमत्तेच्या कराराला आजही 'क्योइपमाउली' म्हणतात. ते सांगितले नाही तर वर्गातली चर्चा हुंड्यावर जाईल आणि शब्द बाजूला राहील.

सहकारी दुकानांसाठीचा 'क्योइपफ्येलाग' हा शब्दही इथे घेतला आहे. असा पहिला संघ १८८२ मध्ये देशाच्या ईशान्य भागात, डॅनिश व्यापाऱ्यांच्या दुकानांना पर्याय म्हणून, शेतकऱ्यांनी स्थापन केला.

२ जुलै

'माणूस' या रकान्यावर शेवटचा हात फिरवला. एकाच दुकानदाराच्या वंशजांची सामाजिक पत किती वेगळी झाली आहे हे इथे दिसते. जर्मन 'काउफमान' हा आज कायद्यातला दर्जा आहे: १९०० पासून लागू असलेल्या जर्मन व्यापार संहितेचे पहिलेच कलम 'काउफमान' कोण याची व्याख्या करते, आणि ती व्याख्या लागू झाली की हिशेबवह्या, नोंदणी, व्यापारी नाव अशी सगळी बंधने मागोमाग येतात. डचांचा 'कोपमन' म्हटले की मसाल्याच्या जहाजांचा मालक डोळ्यांपुढे येतो. डॅनिश 'क्योबमन' मात्र रोजच्या बोलण्यात कोपऱ्यावरचा किराणावाला. इंग्रजी 'चॅप' तर कुणीही. इसेर्नियाच्या काउपोला सर्वांत जवळचा वारस कोण असे विचारले तर मी डॅनिश किराणावाल्याचे नाव घेईन. सहकारी बाई चॅपमनच्या बाजूच्या आहेत.

४ जुलै

समासातली टीप: हा शब्द जर्मानिक भाषांतून पुढे शेजाऱ्यांकडेही गेला. स्लाव्ह भाषांतले 'कुपिती', ज्यावरून रशियन 'कुपित्', म्हणजे विकत घेणे. फिनिशमध्ये 'काउप्पा' म्हणजे दुकान, आणि 'काउपुंकी', जो नॉर्वेच्या त्या शेताच्या नावाचाच भाऊ, म्हणजे शहर. एस्टोनियनमध्ये 'काउप' म्हणजे माल. फिनिशने जुना 'आउ' इतका जपला आहे की ध्वनी ऐकवायचा असेल तर स्वीडिशपेक्षा फिनिश शब्द ऐकवावा. ही टीप फिकट रंगात, कारण पत्रिका जर्मानिक भाषांची आहे.

८ जुलै

तळाच्या पट्टीत वाक्प्रचार घ्यायचे राहिले होते, तेवढे आज झाले. डच 'ओप दे कोप तू', स्वीडिश 'पो श्योपेत', डॅनिश 'ओउन इ क्योबेत' या तिन्हींचा मूळ अर्थ सौद्यावर वरून मिळालेले, भाजी घेतल्यावर भाजीवाली पिशवीत टाकते त्या कोथिंबिरीसारखे. डॅनिशमध्ये तो झिजून नुसता 'शिवाय', 'एवढेच नव्हे तर' असा उरला आहे. जर्मनमध्ये याच कल्पनेला उलटी बाजू मिळाली: 'इन काउफ नेमेन' म्हणजे हव्या असलेल्या गोष्टीबरोबर येणारी नको ती गोष्टही पत्करणे. नवे घर आवडले म्हणून लांबचा प्रवास 'इन काउफ' घ्यायचा. वर्तमानपत्रांत हा वाक्प्रचार इतका येतो की मध्यम पातळीच्या विद्यार्थ्याला तो आलाच पाहिजे, म्हणून पट्टीत त्याला सर्वांत मोठा टंक दिला.

इसेर्नियाच्या संभाषणातली मुलीची ओळ सहकारी बाईंनी वगळली आहे आणि खेचराच्या गवताची ठेवली आहे. पत्रिकेचा मजकूर छपाईपूर्व तपासणीसाठी दिला. पुढच्या पत्रिकेसाठी 'मांगो' आणि त्याचे 'मंगर' वंशज यांची टाचणे वेगळी काढून ठेवली आहेत.